अकरा नावांची पावती

आमच्या घरात पहिला कंप्यूटर आला तो आईच्या जाड चादरीत गुंडाळून, ऑटोरिक्षात बाबांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसून. तो आमचा नव्हता. सरकारी होता आणि शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्यापुरताच आला होता. रिक्षावाल्याने आणि बाबांनी मिळून तो आत आणला, आणि आईने पाहुण्याला जागा करतात तशी पुढच्या खोलीतल्या टेबलावरची इस्त्रीचे कपडे, पंचांग, औषधाच्या बाटल्या सगळं उचलून दुसरीकडे ठेवलं. चहा झाला तरी बाबा बसले नव्हते. ते टेबलाभोवती फिरून कोणती वायर कुठे जाते ते बघत होते आणि हात मागे बांधून ठेवत होते, चुकून लागू नये म्हणून.

बाबा हिंदी टायपिस्ट होते. तीस वर्षं एकच काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता. पण राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, ट्रक भरभरून फायली येऊ लागल्या आणि टायपरायटरच्या जागी कंप्यूटर आले. वरच्या साहेबांनी सगळ्या टायपिस्टांना बोलावून सांगितलं होतं की ज्याला मशीन जमेल तो सेक्शनमध्ये राहील, ज्याला जमणार नाही तो रेकॉर्ड रूममध्ये जाईल. रेकॉर्ड रूम म्हणजे तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, छतापर्यंत जुने गठ्ठे. बाबांना दमा होता. एकदा एक फाइल शोधायला ते तासभर तिथे थांबले, तर पुढचे तीन दिवस त्यांना उशीला टेकून बसून झोपावं लागलं. रोजचे आठ तास तिथे काढायचे म्हणजे काय होईल, हे घरात कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी परीक्षेसारखं एक काम दिलं होतं. ऑफिसातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची वरिष्ठतेची यादी: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख. शंभराच्या वर नावं. सोमवारी सकाळी दहाला टेबलावर पाहिजे. शनिवार-रविवार ऑफिसात नवीन वायरिंग चालणार होतं, म्हणून बाबांनी धीर करून मशीन घरी नेऊ का विचारलं, आणि साहेब हो म्हणाले. त्यांना वाटलं असेल की माणूस उत्साही आहे. खरं कारण मी होते. मी तीन महिन्यांचा कंप्यूटर कोर्स केला होता, आणि बाबांना अडलं की विचारायला घरचं माणूस हवं होतं. ऑफिसातल्या तरुण पोरांना विचारायची त्यांना लाज वाटायची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला फार येतं असं मला वाटत होतं. कोर्समध्ये आम्ही आठ मुली एका मशीनवर पाळीपाळीने बसायचो, म्हणजे तीन महिन्यांत माझ्या वाट्याला मशीन किती आलं असेल ते बघा. पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मीच एकटी ‘कंप्यूटरवाली’. शेजारच्या काकू मला त्यांच्या मिक्सरचं काय झालं ते विचारायला यायच्या. मी बघायचेसुद्धा.

शनिवारी सकाळी बाबा आंघोळ करून, शर्ट-पँट घालून कंप्यूटरसमोर बसले. घरी बनियनवर बसून सरकारी काम करणं त्यांना बरोबर वाटेना. त्यांची टाइप करायची पद्धत मला आजही डोळ्यांसमोर आहे. मान ताठ, नजर डावीकडच्या कागदावर, बोटं आपली आपण चाललेली. ऑफिसच्या त्या हिंदी प्रोग्राममध्ये कळा जुन्या टायपरायटरच्याच क्रमाने होत्या, फक्त कळांवर छापलेली अक्षरं इंग्रजी होती. बाबा कळांकडे बघतच नसत, त्यामुळे त्यांना त्याने काही फरक पडत नव्हता. फरक पडायचा तो बाकी सगळ्याने. माउस हातात घेतला की ते तो उचलून धरायचे. आणि मशीन दर अर्ध्या तासाने अडकायचं. पडदा तसाच, काही हलायचं नाही, बटण दाबून बंद करावं लागायचं, आणि शेवटी सेव्ह केल्यानंतरचं सगळं गेलेलं असायचं. दुपारपर्यंत असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा बावीस नावं गेली. बाबांनी दम्याचा पंप काढून दोनदा तोंडात मारला आणि ते जेवायला बसले.

आईने पातोडीचा रस्सा केला होता, बाबांना आवडतो म्हणून. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली. आई मला म्हणाली, “तुले एवढं येते तर कर ना काही. का नुसती उभीच राहशील बाजूनं?” बाबा म्हणाले, तिच्यावर नको ओरडू, आणि झोपायला गेले. आई शनिवारचं तिचं काम काढून बसली. दर शनिवारी ती फळीवरचे सगळे डबे खाली काढायची आणि ज्यात काय आहे ते तिला वासाने किंवा बघून ओळखू आलं नाही ते सरळ फेकून द्यायची. विचारायची नाही. एकदा बाबांनी वैद्याकडून आणलेलं दम्याचं चूर्ण तिने असंच नालीत टाकलं होतं. आमच्याकडे ती शिस्त मानली जायची.

मी टेबलाशी बसले. कोर्सच्या साहू दीदी म्हणायच्या की मशीनमध्ये फालतू सामान भरलं की ते भारी होतं. म्हणून सामान कुठे असतं ते मी शोधू लागले. एक खिडकी उघड, बंद कर, दुसरी उघड. कंट्रोल पॅनलमध्ये बऱ्याच चित्रांपैकी एकावर क्लिक केलं आणि समोर एक यादी आली. मशीनमध्ये टाकलेले सगळे प्रोग्राम, एकाखाली एक, नावानिशी. कोर्समध्ये हे कोणी दाखवलं नव्हतं. मला झालेला आनंद मला अजून आठवतो, आणि मी आनंदाने हुरळणाऱ्यातली नाही. कोणाच्या तरी घराची चावी सापडल्यासारखं वाटलं. प्रत्येक नावाशेजारी तो किती जागा खातो तेही होतं, आणि नाव निवडलं की खाली काढून टाकायचं बटण.

अकरा नावं होती. त्यातली चार मला ओळखू आली. उरलेली सात नुसती इंग्रजी आद्याक्षरं आणि आकडे होते, कोणत्या कामाची ते नावावरून कळण्यासारखं नव्हतं. मी आईचीच लेक. मी एकेक निवडलं आणि बटण दाबत गेले. मध्ये मध्ये मशीन विचारायचं की ही फाइल आणखी कोणाला लागत असेल, तरी काढू का? मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. सात नावं गेली, यादी छोटी, नीट झाली. मशीन बंद करून सुरू केलं तर खरंच पहिल्यापेक्षा लवकर सुरू झालं. मग बाबांची यादी उघडली, बघू आता किती भरभर चालते म्हणून.

पडद्यावर एकही हिंदी अक्षर नव्हतं. रकाने होते, रेघा होत्या, तारखांचे आकडे होते, आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. जे, के, ई, मध्येच कॅपिटल एच, स्वल्पविराम, कंस. वरपासून खालपर्यंत. मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. मशीन पुन्हा बंद-सुरू केलं. अक्षरांचा आकार बदलून पाहिला. मग कचरा मोठा दिसू लागला, एवढंच.

आज मी तेलीबांध्याच्या बाजूच्या एका शाळेत ऑफिस सांभाळते आणि दर वर्षी शाळेच्या प्रत्येक कंप्यूटरमधल्या प्रोग्रामांची यादी करणं माझ्याच कामात येतं. नव्या क्लार्क मुली मला विचारतात की मॅडम, एवढं काय लिहून घ्यायचं, काढायचं ते काढून टाकू की. मी त्यांना ओरडत नाही. फक्त त्या यादीजवळ त्यांना एकटं बसू देत नाही.

बाबा चारला उठले. मी म्हटलं व्होल्टेज कमी आहे, आता लावलं तर मशीन जळेल. ते लगेच मागे झाले. सहाला पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. दर वेळी कोपऱ्यातला स्टॅबिलायझर टक् करायचा आणि माझी नजर तिकडे जायची, कारण व्होल्टेज चांगलं होतं आणि ते स्टॅबिलायझरच्या काट्यावर कोणालाही दिसलं असतं. बाबा बघत नव्हते. माझ्यावर विश्वास होता म्हणून बघत नव्हते, आणि हेच मला सहन होत नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की सगळी नावं पुन्हा टाइप करायला किती तास लागतील, आणि मग आठवायचं की टाइप करायला तो हिंदी प्रोग्रामच आता मशीनमध्ये नाही. त्या संध्याकाळी मी भांडी घासली, पाणी भरलं, कोणी न सांगता पडदे धुतले. आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी सकाळी सातलाच बाबा शर्ट घालून टेबलापाशी. मी व्होल्टेज म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी नुसतं वर पंख्याकडे पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. ते म्हणाले, “बेबी, काय झालं?”

मी मशीन सुरू केलं, फाइल उघडली आणि बाजूला झाले. आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, पडद्याकडे पाहिलं. “हे काहून असं दिसून राहिलं?” मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. “धन्य आहे पोट्टी. एवढा कोर्स केला बापाला रेकॉर्ड रूममध्ये धाडाले?”

मी म्हटलं की सगळं गेलं, माझ्या हातून गेलं. बाबांनी हात वर करून आम्हा दोघींना गप्प केलं. खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बसून राहिले. मला वाटलं त्यांना दिसत नाही. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, मी पाहिलेलं तरी पहिल्यांदाच, कळांकडे बघितलं. पडद्यावरचं एक इंग्रजी अक्षर, मग कळांवर तेच अक्षर शोधायचं, मग बोट त्यावर ठेवायचं, न दाबता. बोट ठेवलं की थांबायचं. मला वाटत होतं की हे आता काहीतरी आणखी बिघडवणार.

“जे,” बाबा म्हणाले. “जे म्हणजे र. के, काना. ई, म.” बोट सरकलं. “वाय, ल. के, काना. वाय, ल.” मग त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. “रामलाल. पहिलं नाव रामलालच आहे. त्याच्याहून सीनियर कोणी नाही.”

आई म्हणाली, म्हणजे काय? बाबा तिला नाही, मला म्हणाले, “काही गेलं नाही. मी जे दाबलं ते सगळं आहे. मशीनले फक्त हिंदीत दाखवता येऊन नाही राहिलं.” आणि ते दुसऱ्या ओळीवर गेले. मग तिसऱ्या. बोटं कळांवरून न दाबता फिरत होती आणि ते एकेक नाव मोठ्याने म्हणत होते. दहाव्या ओळीपर्यंत कळा बघायची गरज उरली नाही. एका जागी ते थांबले, म्हणाले हे मी काल चुकीचं मारलं, दीर्घ पाहिजे, आणि मला कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. तीन महिन्यांत मला कोणी सांगितलं नव्हतं की आत साठवलेलं वेगळं आणि पडद्यावर दिसतं ते वेगळं. ते मला, माउस उचलून धरणाऱ्या माणसाने, पीठ लागलेल्या हातांच्या आईसमोर शिकवलं.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. शुक्रवारी मशीन देताना ऑफिसातल्या प्रोग्रामरने त्यावर सही घेतली होती, आणि घाईत बाबांनी तो न वाचता खिशात टाकला होता. ती मशीन मिळाल्याच्या पावतीची दुसरी प्रत होती. खाली आत असलेल्या प्रोग्रामांची नावं टाइप केलेली, एक ते अकरा. मी शनिवारी पाहिलेली तीच यादी, त्याच क्रमाने, आणि खाली बाबांची वळणदार सही. “तू किती काढले?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सात. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवला.

साहू दीदी बीरगांवला राहायच्या. कारखान्यांच्या त्या बाजूला टेम्पोने जायला तेव्हा तासभर लागायचा, तोंडावर काळी धूळ बसायची. बाबांना त्या धुळीत न्यायला नको म्हणून आई माझ्याबरोबर आली. दीदी अंगणात वड्या वाळत घालत होत्या. मी सांगितलेलं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “हव, समझ गई। हिंदी वाला दे दूँगी। बाकी छह कहाँ से लाऊँ? वो तो दफ्तर की सीडी में होंगे।” मग त्यांनी विचारलं की काढायच्या आधी यादी कुठे लिहून ठेवली होतीस का. मी मान खाली घातली. त्यांनी एक फ्लॉपी दिली, त्यावर पेनाने हिंदी असं लिहिलेलं होतं, आणि ती आईच्या हातात दिली, माझ्या नाही.

दुपारी फ्लॉपी घातली, हिंदी परत आलं. रामलाल पडद्यावर रामलाल दिसला. बाबांनी उरलेली नावं टाइप केली, चूक सुधारली, आणि मशीन एकदाही अडकलं नाही. काढलेल्या सातांमधलंच काहीतरी ते अडकवत होतं, हे आज मला माहीत आहे, पण त्या दिवशी ते म्हणायची हिंमत मला नव्हती आणि आज म्हणून उपयोग नाही.

सोमवार मी दारात-खिडकीत काढला. आईने दोनदा वरणाला फोडणी दिली, पहिली दिल्याचं विसरून. बाबा साडेसहाला आले. चपला काढल्या, पाय धुतले, चहा घेतला. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत उभ्या. यादी साहेबांना आवडली, ते म्हणाले. एकही चूक नाही, असं सगळ्यांसमोर म्हटलं. मग मशीन परत करताना प्रोग्रामरने त्याच्याकडची पावती काढली, पडद्यावरच्या नावांशी एकेक ताडून पाहिली, आणि सहा कमी निघाले. बाबांनी बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. मेमो. शासकीय मशीनमधून प्रोग्राम कोणी, कोणाच्या आदेशाने काढले, दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

पुढचं आधीच सांगून टाकते. बाबा रेकॉर्ड रूममध्ये गेले नाहीत. निवृत्त होईपर्यंत सेक्शनमध्येच बसले. लेखी ताकीद मात्र मिळाली आणि ती त्यांच्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत राहिली. सगळ्या नोकरीतली त्यांची ती एकमेव ताकीद. पण त्या सोमवारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

त्यांनी मला फुलस्केप कागद आणि पेन आणायला सांगितलं. त्यांना दिवसभर धाप लागली होती, म्हणून ते सांगणार आणि मी लिहिणार. मायना झाला, विषय झाला, संदर्भ झाला. मग ते म्हणाले, “उक्त छह प्रोग्राम मेरे द्वारा...” मी लिहिलं, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी वाचला. मी लिहिलं होतं, मेरी पुत्री द्वारा.

ते रागावले नाहीत. मशीन माझ्या सहीनं आली, ते म्हणाले, तुझ्या नाही. ऑफिसात तू कोणी नाहीस. तुझं नाव गेलं तर पहिला प्रश्न येईल की सरकारी मशीन घरच्या पोट्टीच्या हाती कशी दिली. आई भिंतीला टेकून उभी होती. तीसुद्धा म्हणाली, बाबा म्हणतात तसं लिव. बाबांनी माझा कागद मधोमध फाडला आणि दुसरा समोर ठेवला.

मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. मायना, विषय, संदर्भ. उक्त छह प्रोग्राम मेरे द्वारा. बाबा पुढचं सांगत होते, “जानकारी के अभाव में...” आणि माझं पेन तिथे थांबलं.

“लिव,” ते म्हणाले. “हे तर खरं आहे.”